प्रसरणशील गोळी (हरणाची शिकार)
हरणाला लवकर व कमीत कमी यातनेत मरण यावे म्हणून वापरली जाणारी रायफलची गोळी. तिचे टोक मऊ किंवा पोकळ असते. छातीत शिरताच ती छत्रीसारखी फुलते, हृदय-फुप्फुसे फाटतात, रक्तदाब कोसळतो आणि जनावराची शुद्ध हरपते. पूर्ण धातुवेष्टित लष्करी गोळी बहुधा बारीक भोक पाडून आरपार जाते. जखमी हरीण रानात तडफडत राहते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या कायद्यानुसार बहुतेक जातींसाठी किमान ०.२४० इंच कॅलिबर व १,७०० फूट-पौंड ऊर्जा लागते. अर्थात पोटात बसलेली उत्तम गोळीही क्रूरच. शिशाच्या गोळ्यांचे कण मांसात उरतात, म्हणून तांब्याच्या गोळ्या आल्या. त्या वजनाला हलक्या, त्यामुळे स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठीची गोळीची किमान वजनमर्यादा १०० वरून ८० ग्रेनवर आणली.