तारापूरचा इंधनपालट

दौंड स्थानकांत कोळशाचें एंजिन जाऊन डिझेलचें आलें, पुढें विजेचें. शिरूर-दौंडकडील उतारूला तो बदल समजावून सांगावा लागला नाहीं. कपड्यांवरची काजळीच गेली. अणुभट्टीचें इंधन पालटतें तेव्हां मात्र बाहेर कांहींच दिसत नाहीं.

तारापूरचें केंद्र 1969 सालीं चालू झालें. 1963 च्या कराराप्रमाणें अमेरिकेनें त्यास समृद्ध युरेनियम पुरवावयाचें होतें. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर पुरवठा अडखळला. 1982 सालीं फ्रान्स पुढें आला, 1995 सालीं चीन. इंधन पालटलें तें राजकारणानें, पर्यावरणाच्या काळजीनें नव्हे. दरम्यान 1994 सालीं प्लुटोनियम व युरेनियम यांच्या मिश्र इंधनाच्या थोड्या जुड्या भट्टींत घालण्यांत आल्या.

किनाऱ्यावरील प्रयोगशाळा पाणी व मासळी तपासीत आली आहे, हें खरें. परंतु मिश्र इंधनाचा खरा प्रश्न वापरून बाहेर काढलेल्या जुडीचा. ती साध्या जुडीहून अधिक काळ तापलेली राहते. तिच्यांतील मुख्य प्लुटोनियम निम्में होण्यास सुमारें 24,000 वर्षें लागतात. पर्यावरण-परिणामांचें परीक्षण भारतांत बंधनकारक झालें तें जानेवारी 1994 च्या अधिसूचनेनें, आणि तीही नव्या प्रकल्पांसाठीं व जुन्यांच्या विस्तारासाठीं. भट्टी जुनी, इंधन तेवढें नवें. अशा प्रकरणाला तिच्यांत कोणतें कलम लावावयाचें होतें?