स्तंभ आणि वेल : जी. ए. कुलकर्णी यांच्या अद्भुतकथेतील श्रद्धेचे स्थान

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे नृसिंहाचे क्षेत्र होय. मराठवाड्यातील अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असून, वैशाख शुद्ध चतुर्दशीस येणाऱ्या नृसिंहजयंतीच्या निमित्ताने त्या घरांतील मुलांच्या कानी अद्भुताची एक आदिकथा पडते. भागवताच्या सप्तम स्कंधातील या कथेत देव धड मनुष्य नाही, धड पशू नाही. वेळ दिवसाची नाही, रात्रीची नाही. स्थळ घरातले नाही, बाहेरचे नाही. तथापि कथेचा खरा आधार प्रह्लाद आहे. बालकाच्या विश्वासास निर्जीव स्तंभ उत्तर देतो, हा तिचा गाभा. बालपण, पुराणकथा आणि श्रद्धा यांचा एखाद्या अद्भुतकथाकाराशी काय संबंध आहे हे पाहावयाचे झाल्यास हा गाभा कसोटी म्हणून उपयोगी पडतो.

इंग्रजीतील सी. एस. लुइस यांचे उदाहरण या कसोटीस सरळ उतरते. 1908 साली, वयाच्या नवव्या वर्षी त्यांची आई वारली. पुढे श्रद्धा सुटली, आणि 1931 मध्ये ते पुन्हा ख्रिस्ती धर्माकडे वळले. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बालकादंबरीत देवत्व सिंहाच्या रूपाने येते. तो सिंह मरतो, पुन्हा उठतो आणि मुलांच्या हाकेस उत्तर देतो. येथे स्तंभ दुभंगला आहे.

मराठीत हा प्रश्न जी. ए. कुलकर्णी (1923–1987) यांच्या संदर्भात अधिक बिकट होतो. जन्म एकसंब्याचा, बालपण बेळगावचे आणि अध्यापन धारवाडचे, असे त्यांचे आयुष्य मराठी–कानडी सीमेवर गेले. घरातील मृत्यूंची ओळख त्यांना लहान वयातच झाली. ‘निळा सावळा’ (1959) ते ‘रक्तचंदन’ (1966) या संग्रहांतील कथा बव्हंशी याच प्रदेशातील माणसांच्या आहेत. ‘काजळमाया’ (1972) पासून रूपककथेचे प्रमाण वाढते, आणि 1975 मधील ‘सांजशकुन’ व ‘रमलखुणा’ या दोन पुस्तकांत कथा देशकाल सोडून जाते. ही शीर्षकेच बोलकी आहेत. शकुन आणि रमल ही श्रद्धेच्या जगातील साधने. सांज ही नृसिंहाचीच वेळ. ‘ऑर्फियस’मध्ये ग्रीक पुराणकथा येते, तर ‘यात्रिक’मध्ये सर्व्हांटिसचा भ्रमिष्ट सरदार यात्रेकरू होतो.

यात्रा, भविष्यकथन, गुरूचा शोध ही श्रद्धेची सारी रूपे येथे शाबूत आहेत. नाही ते उत्तर. विचारणारा स्तंभापर्यंत पोहोचतो आणि स्तंभ मुका राहतो. याच कारणाने समीक्षेत जी. ए. यांस नियतिवादी म्हणण्याचा प्रघात पडला. हा निर्णय अपुरा आहे. ‘पिंगळावेळ’ (1977) मधील ‘स्वामी’ या कथेत एका प्रवाशास मठात नेऊन स्वामी म्हणून भूमिगत दालनात कायमचे कोंडले जाते. धर्मसंस्थेचे याहून कठोर चित्र मराठी कथेत क्वचितच आढळेल. परंतु कथेचा शेवट कोंडण्यात होत नाही. हवेसाठी ठेवलेल्या वाटेने एक वेल वरच्या प्रकाशाकडे जाते आणि ती जावी म्हणून तो मनुष्य आपला श्वास पणास लावतो. बाहेरून कोणी येत नाही. आतूनच काहीतरी बाहेर जाते. नृसिंहकथेची दिशा येथे उलटली आहे.

ही दिशा कोठून आली याचा माग बालपणात लागतो. ‘बखर बिम्मची’ व ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत बालकाच्या दृष्टीला सारी सृष्टी सजीव आहे, आणि मृत्यूनंतर 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’मध्ये लहानपणी पाहिलेली माणसे त्याच कुतूहलाने परत येतात. वस्तूंवर जीव लावण्याची ही वृत्ती देवावरील विश्वासाहून जुनी असते आणि तो विश्वास नसतानाही ती टिकते. जी. ए. यांच्या अद्भुतकथेत प्रह्लादाचा देव उरलेला नाही; प्रह्लाद मात्र उरला आहे. त्यांच्या कथेस केवळ नियतीची कथा म्हणणारा वाचक स्तंभ पाहतो, वेल त्याच्या दृष्टीतून निसटते.