निर्वासितांचे अर्ज

साथ आली की परक्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हा इतिहासाचा जुना अनुभव होय. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्या वर्षअखेर मुंबईहून डर्बनला पोहोचलेली 'कुरलँड' व 'नादरी' ही जहाजे रोगाच्या सबबीवर बंदराबाहेर अडवून धरण्यात आली. सुमारे ८०० उतारूंना, त्यांत बॅरिस्टर गांधीही होते, १३ जानेवारी १८९७ पर्यंत किनाऱ्यावर पाऊल ठेवता आले नाही. त्याच वर्षी नाताळच्या सरकारने कायदा केला: नवागताने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. रोगाची सबब सरली. अर्जाची भिंत मात्र उभी राहिली.

अशी भिंत बांधण्यास नेहमी दुष्टपणाच लागतो असे नाही. सदिच्छेने केलेल्या नियमांतूनही ती उभी राहते. सिंधमधून राजस्थानात आलेल्या हिंदु निर्वासितांचेच पाहा. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने त्यांना नागरिकत्व देण्याचा अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. त्यांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर होते, तसेच आपले मुंबई, ठाणे, पुणे व नागपूरही. परंतु अर्ज संगणकावरून करावयाचा होता, आणि जोडीला चालू मुदतीचा पासपोर्ट लागत असे. तो नवा करून मिळे दिल्लीच्या पाकिस्तानी वकिलातीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने प्रवास थांबला. जूनमध्ये त्या वकिलातीचे मनुष्यबळ निम्मे करण्याचा आदेश भारत सरकारने दिला. ज्याच्यापाशी वकिलाची फी नव्हती, त्याने काय करावे?

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत केंद्राकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालये व न्यायाधिकरणे यांच्यापुढील मुदती वाढविल्या. ती सवलत या अर्जालाही लागू पडत होती काय, हे झोपडीतल्या माणसाने कोणास विचारावे? जोधपूरच्या सीमान्त लोक संगठनासारख्या संस्थांचे मोल येथे कळते. फॉर्म भरून देणे, कागद लावून देणे, पोच जपून ठेवावयास सांगणे: काम साधे, पण त्यावाचून कायदा मुका राहतो.

लशीचेही तेच झाले. ओळखपत्र नसलेल्यांसाठी केंद्राने ६ मे २०२१ रोजी कार्यपद्धती ठरविली. तरी त्याच महिन्यात राजस्थान उच्च न्यायालयास या निर्वासितांच्या लशीकडे राज्याचे लक्ष वेधावे लागले. नियम होता; तो दारापर्यंत पोहोचला नव्हता.

आम्ही परप्रांतांत नोकरी करणारी मंडळी मेजाच्या अलीकडे बसतो. भाषा परकी असली म्हणजे साध्या कागदाचीही कशी धास्ती वाटते, हे बदलीच्या गावी आम्हांस थोडेफार कळलेले असते. कायदा दिल्लीत होतो, पण अर्जदारास तो भेटतो आमच्या मेजापाशी. अर्ज परत करताना 'अपूर्ण' एवढाच शेरा न मारता कोणता कागद कमी आहे, तो कोठे मिळेल आणि मुदत केव्हा संपते, या तीन ओळी त्याला कळेल अशा भाषेत लिहिणे आमच्या अधिकारात असते. त्यासाठी वरिष्ठांची मंजुरी लागत नाही.