पातळ थरातील प्रकाश आणि तो थर चढविणारे हात

लेसरचा इतिहास सांगणारे बहुधा १६ मे १९६० या तारखेपासून आरंभ करतात. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश मिळविला, हे खरेच आहे. पण ती कांडी वाढविली कोणी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आम्ही हयात कामगार चळवळीत घालविली. जे वाचले ते सभा आटोपल्यावर, संघटनेच्या कचेरीत. त्यामुळे वस्तू दिसली की ती घडविणारा हात शोधण्याची सवय आम्हांला जडली आहे. त्याच सवयीने आज स्फटिकाच्या पातळ थरातील लेसरकडे पाहू.

यामागचे तत्त्व जुने आहे. पाण्याच्या वाकड्या धारेत शिरलेला प्रकाश धारेबरोबरच वळतो, हे जिनिव्हाच्या कोलादों यांनी १८४२ साली वर्णिले. ज्या पदार्थाचा वक्रीभवनांक अधिक, त्यात अडकलेला प्रकाश पूर्ण अंतर्गत परावर्तनाने आतल्या आतच पुढे सरकतो. असाच एक स्फटिकाचा थर कमी वक्रीभवनांकाच्या स्फटिकावर चढविला की प्रकाशाला वाट मिळते. तिला वेव्हगाइड म्हणतात. थराची जाडी काही मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्याही कित्येक पट कमी. प्रकाश एवढ्या अरुंद जागेत कोंडला गेल्याने पसरत नाही, आणि थोड्या शक्तीनेही लेसर चालू होतो.

असे प्रकाशाचे मार्ग एका लहान तुकड्यावर एकत्र जुळवावेत, ही कल्पना बेल प्रयोगशाळेच्या स्ट्युअर्ट मिलर यांनी १९६९ साली मांडली. कल्पना मांडली गेली. आता थर कोणी चढवायचा?

एका स्फटिकावर दुसरा स्फटिक त्याच्याच अणुरचनेला अनुसरून वाढतो, या क्रियेला फ्रान्सच्या लुई रोये यांनी १९२८ साली एपिटॅक्सी हे नाव दिले होते. १९७१ साली बेल प्रयोगशाळेतच लेव्हिन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गार्नेटच्या थरांसाठी तिची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. प्लॅटिनमच्या मुशीत शिशाचे ऑक्साइड वितळवायचे, त्यात गार्नेटची घटकद्रव्ये विरघळवायची, रस किंचित थंड करायचा आणि स्फटिकाची चकती त्यात बुडवायची. ठरल्या वेळी ती बाहेर काढून गरगर फिरवायची, म्हणजे चिकटलेला रस उडून जातो. ही रीत लेसरसाठी नव्हतीच. ती होती चुंबकीय बुडबुड्यांच्या स्मृतियंत्रांसाठी.

पण १९७२-७३ मध्ये त्याच संस्थेत व्हॅन डर झील, बॉनर, व्हान युटर्ट आदींनी होल्मियम आणि निओडिमियम मिसळलेल्या गार्नेटच्या पातळ थरांतून लेसर प्रकाश काढला. यांतील बॉनर व व्हान युटर्ट हे स्फटिक वाढविणारे. त्यांची नावे शोधनिबंधावर आली, याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो. चकत्या घासून आरशासारख्या करणारे, भट्टी सांभाळणारे यांची नावे मात्र अशा निबंधांवर सहसा येत नाहीत. वितळलेल्या शिशाच्या ऑक्साइडची वाफ विषारी असते, हे सांगायला नकोच. तेच शिसे थरातही शिरते आणि प्रकाश शोषून घेते. म्हणजे जे माणसाला बाधते, तेच लेसरलाही बाधते!

पुढे १९८०च्या दशकात बुडबुड्यांची स्मृतियंत्रे स्वस्त स्पर्धकांपुढे टिकली नाहीत. धंदा बुडाला, पण विद्या बुडाली नाही. १९९०च्या दशकात ग्रनोब्लच्या लेती संस्थेत याच बुडविण्याच्या रीतीने निओडिमियमचे थर वाढविले गेले. गॅलियम मिसळले की वक्रीभवनांक वाढतो, पण अणूंची जाळी ताणली जाते; आकाराने लहान ल्युटेशियम घातले की ती पुन्हा आखडते. हा तोल साधण्यात सारे कौशल्य होते. त्याच दशकात साउथॅम्प्टन येथे लेसरच्याच माऱ्याने पदार्थ उडवून, शिशाच्या रसाशिवाय थर चढविण्यात आला.

हे वाचताना आम्हांला आमची एक चूक आठवते. एक लहान ओतकाम कारखाना बंद झाला. तेथे आमचा एक सभासद भट्टीचा रंग पाहून रस ओतण्याची वेळ सांगत असे. आम्ही त्याच्या नुकसानभरपाईच्या रकमेसाठी भांडलो, ती मिळविलीही. पण त्याची विद्या पुढे कोणाला आणि कोठे द्यायची, हे कलम मागणीपत्रकात घालण्याचे आम्हांला सुचले नाही. पुढे तो पहारेकरी झाला.

धंदा बंद पडला म्हणून हातातील विद्या टाकाऊ होत नाही, हे त्या पातळ थराने दाखवून दिले. त्याला दुसरे काम मिळाले, कारण ते जाणणारे लोक ती विद्या घेऊन पुढे गेले. यापुढे कारखाना बंद होताना आम्ही रकमेबरोबर हेही कलम मागू. उशीर झाला आहे, पण अजून भट्ट्या पेटत्या आहेत.