वीस इंच म्हणजे नेमकं किती? मॉनिटरचा आकार आणि कराची रेषा

पुरावा म्हटलं की आपल्याला जुनी दप्तरं आणि ताम्रपट आठवतात. पण गेमिंगसाठी मॉनिटर 24 इंची घ्यावा की 27, या रोजच्या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा चक्क जीएसटीच्या अधिसूचनांत सापडतो.

बघा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा 17 इंचांपर्यंतच्या संगणक मॉनिटरवर 18 टक्के कर होता, त्याहून मोठ्यावर 28; त्याच वर्षी पुढे ही रेषा 20 इंचांवर आली. 1 जानेवारी 2019 पासून ही रेषा 32 इंचांवर सरकली. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यापुढचे मॉनिटरही 18 टक्क्यांत आले. म्हणजे डोंबिवलीतल्या विद्यार्थ्याने 10,000 रुपये मूळ किमतीचा 24 इंची मॉनिटर 2018 मध्ये घेतला असता तर कर 2,800 रुपये; वर्षभराने 1,800.

आता लगेच 'मोठा पडदा आधी चैन होता, मग गरज झाला' असं लिहून मोकळे होऊ नका. त्याच 28 टक्क्यांत सिमेंटही होतं! कराचा टप्पा शासनाचं धोरण सांगतो, लोकांची आवड नाही.

दुसरा सापळा इंचाचाच. पडदा कर्णात मोजतात. 4:3 प्रमाणाचा 20 इंची पडदा 16 बाय 12 इंच, म्हणजे 192 चौरस इंच. 16:9 चा 20 इंची साधारण 171. आकडा तोच, पडदा 11 टक्क्यांनी लहान. शिवाय जुन्या सीआरटी मॉनिटरचा जाहिरातीतला आकार हा नळीचा असायचा. कडा चौकटीमागे जायच्या आणि दिसणारा भाग कमी भरायचा. त्यामुळे जुन्या आणि नव्या जाहिरातींतले इंच सरळ शेजारी मांडले तर तुलना फसते.

मग लोकांनी खरंच काय निवडलं, ते कुठे शोधायचं? दुकानांच्या जुन्या पावत्या, स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि मुलाखती. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या इमारतींतल्या वन रूम किचनमध्ये आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या संकुलांत एकच प्रश्न विचारा: टेबल किती खोल होतं? डोळा आणि पडदा यांतलं अंतर खोलीच ठरवते.

तुमच्यासाठी हिशोब हाच. 1920×1080 पिक्सेल 24 इंचांत पसरले तर इंचाला 92 येतात, 27 इंचांत 82. म्हणून टेबल दोन फुटी असेल तर 27 इंचांवर अक्षरं जाड, फुटकी दिसू लागतात. गेम आणि प्रबंध दोन्ही त्याच पडद्यावर करायचे असतील तर 27 इंची 2560×1440 चा घ्या. तिथे इंचाला 109 पिक्सेल मिळतात. फक्त वेगवान गेम आणि हात आखडता असेल, तर 24 पुरे. आणि दुकानात जाण्याआधी टेप घेऊन टेबल मोजा.