वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

जॉनी वॉकर हे नाव उच्चारले की तुमच्यापैकी निम्म्या मंडळींच्या डोळ्यांपुढे ‘प्यासा’तला मालिशवाला उभा राहील आणि उरलेल्यांच्या डोळ्यांपुढे बाटली. दोघांचा संबंध आहेच. इंदूरला जन्मलेला आणि मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरकी करणारा बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी नावाचा तरुण दारुड्याची नक्कल बहारदार करी. गुरुदत्तनी ती पाहिली, १९५१ च्या ‘बाजी’त त्याला घेतले आणि एका स्कॉच व्हिस्कीचे नाव त्याला देऊन टाकले. स्वतः काझीसाहेब दारूला शिवत नसत, असे तेच सांगत. काझी म्हणजे न्यायनिवाडा करणारा. एवढे भारदस्त आडनाव मागे पडले आणि बाटलीवरचे नाव त्यांना २००३ साली जाईपर्यंत चिकटून राहिले.

आता बाटलीवरचा वॉकर कोण? स्कॉटलंडमधल्या किलमार्नक गावी १८२० साली किराण्याचे दुकान चालवू लागलेला जॉन वॉकर. पुढे १९०८ मध्ये टॉम ब्राऊन या चित्रकाराने व्हिस्कीसाठी एक चित्र काढले. उंच टोपी, हातात छडी आणि लांब लांब ढांगा टाकत निघालेला गृहस्थ. वॉकर, म्हणजे चालणारा! आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनीही तेच शिकवले होते आणि पुढची कित्येक वर्षे मी तेच खरे धरून चाललो.

माझे आडनाव पिंजारी. त्यामुळे दुसऱ्यांच्या आडनावात नाक खुपसायची मला जुनी खोड आहे. कवितेच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास म्हणतेच, “आज पिंजारींनी विषय चांगला पिंजून काढला!” मीही हसतो. पण हसणाऱ्यांपैकी किती जणांनी कापूस पिंजणारा माणूस पाहिला असेल, असे मनात येतेच. आमचे अब्बा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव जात, लोकांच्या गाद्या-रजयांचा बसलेला कापूस पिंजून फुलवून देत. तातेचा तो ट्वांग ट्वांग आवाज गल्लीत शिरला की बाया आतूनच ओळखत. तर अशा धंद्यावरून पडलेल्या आडनावांचा शोध घेता घेता मला वॉकरचा खरा अर्थ सापडला. आणि गंमत म्हणजे त्याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

आपल्या लेकीसुना चेहऱ्याला मुलतानी माती लावतात. तिच्या पुडीवर बहुधा इंग्रजीत लिहिलेले असते, फुलर्स अर्थ. फुलरची माती. हा फुलर कोण? तर मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये विणलेले लोकरी कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर. त्याच कारागिराचे उत्तरेकडचे नाव वॉकर.

लोकरीचे कापड मागावरून उतरते तेव्हा ते विरळ असते, भोके दिसतात, आणि लोकरीच्या अंगचा तेलकटपणा त्यात तसाच असतो. आपल्याकडे सनगर मंडळी घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. तिकडची रीत वेगळी होती. दगडी किंवा लाकडी डोणीत कापड टाकायचे, त्यावर ती माती आणि पाणी घालायचे आणि अनवाणी पायांनी तासन् तास तुडवायचे. माती तेल शोषून घेते. ओल्या लोकरीचे तंतू सततच्या रेट्याने एकमेकांत अडकतात, कापड आटते, जाड होते, मग त्यातून वारा शिरत नाही. आणखी एक वस्तू डोणीत पडे. रविवारच्या सकाळी सांगू नये, पण सांगतो. शिळे मूत्र. ते मुरले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलाशी मिळून साबणासारखे काम करतो. रोमन लोकांचीही हीच पद्धत होती. पॉम्पेईच्या भिंतींवर टबात उभे राहून कापड तुडवणारे कामगार रंगवलेले आहेत. पहिल्या शतकात सम्राट व्हेस्पेशियनने रोममध्ये या मूत्रावर करसुद्धा बसवला होता. मुलाने नाक मुरडले तेव्हा त्याने त्याच्या नाकाशी नाणे धरून वास येतो का असे विचारले, अशी कथा आहे.

तर हा धंदा. पाय कायम ओले, अंगाला तो वास, आणि त्यातून निघणारे कापड मात्र सरदारांच्या अंगावर. तुडवून झाले की कापड धुवायचे आणि उघड्यावर लाकडी चौकटीला आकड्यांनी ताणून वाळवायचे. त्या चौकटीला म्हणत टेंटर आणि आकड्यांना टेंटरहुक्स. धाकधूक लागली की आपण म्हणतो, जीव टांगणीला लागला. इंग्रज म्हणतो, मी टेंटरहुक्सवर आहे. कुठल्या कापडाचे ते आकडे, हे त्यालाही आता ठाऊक नसते.

या एका कारागिराला इंग्लंडमध्ये तीन नावे होती. आग्नेयेकडे, म्हणजे ससेक्स, केंट, सफोक या भागांत फुलर. हा शब्द लॅटिनमधून आला. नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतले ‘छळणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. बिचाऱ्या कापडाचा छळच तो! पुढे त्याचा अर्थ ओढणे, ताणणे असा होत गेला, आणि आपली पोरे शाळेत जाताना शर्ट ‘टक’ करतात तो शब्द त्याच घराण्यातला. एक्सेटर शहरात विणकर आणि टकरांच्या संघाचे १४७१ सालचे सभागृह आहे, त्याला टकर्स हॉल असेच म्हणतात. आणि उत्तरेला, यॉर्कशायर-लँकेशायरपासून स्कॉटलंडच्या सखल भागापर्यंत, वॉकर. जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता. पायी चालणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे भाषेत शब्द पुढे गेला आणि आडनावात जुना अर्थ गोठून राहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले. तेव्हा येशूची वस्त्रे कुठल्याही फुलरला करता येणार नाहीत इतकी शुभ्र झाली, या जागी त्यांनी फुलर आणि वॉकर असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले. वाचणारा कुठल्या भागातला असेल, याची काळजी घेतली म्हणायची.

हे धंद्याचे नाव आडनाव कसे झाले? १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले त्याआधी तिथल्या माणसाला बहुधा एकच नाव असे. जिंकल्यानंतर नावांची विविधताच आटली. जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस, हेन्री या मोजक्या नावांत बहुतेक पुरुष भागू लागले. एका गावात दहा जॉन असल्यावर कारकून काय करणार? कुणाला डोंगराजवळचा जॉन, कुणाला रॉबर्टचा मुलगा जॉन, कुणाला कापड तुडवणारा जॉन असे लिहिले गेले. सरदारांची आडनावे आधी वंशपरंपरेने चालू लागली, रयतेची तेराव्या-चौदाव्या शतकांत. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीन वेळा डोईपट्टी बसली, तिच्या याद्यांत हजारो साध्या माणसांची नावे प्रथमच कागदावर आली. १३७९ च्या पट्टीत कारागिरांना मजुरांपेक्षा जास्त भरावे लागे, त्यामुळे धंदा लिहिणे आलेच. या पट्टीविरुद्ध १३८१ मध्ये बंड झाले. त्याच्या पुढाऱ्याचे नाव वॉट टायलर, म्हणजे छपरावर कौले घालणारा. कर घेणाऱ्याने माणसाला नाव दिले आणि त्या नावानेच माणूस कराविरुद्ध उभा राहिला!

पण खरी विचित्र गोष्ट पुढेच आहे. ही आडनावे पक्की होत असताना पायांनी तुडवण्याचे काम मागे पडू लागले होते. ११८५ साली टेम्पलर सरदारांनी आपल्या मालमत्तेची मोजणी केली, तिच्यात कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. ओढ्याच्या पाण्याने चाक फिरायचे, चाकाने लाकडी हातोडे उचलले जायचे आणि डोणीतल्या कापडावर आदळायचे. एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ साली या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटले. पुढे त्यावर वाद झाले, ते असोत. पण पाय गेले आणि हातोडे आले, हे काही खोटे नाही. टोप्यांच्या धंद्यात हे इतके झोंबले की १४८२-८३ मध्ये टोप्या गिरणीत कुटायला बंदी करणारा कायदा पार्लमेंटला करावा लागला. तक्रार हीच, की माणसांच्या हातापायांचे काम चक्की खाते. कायद्याने चक्की थांबली नाही. उत्तरेत लोक त्या चक्कीला ‘वॉक मिल’ म्हणू लागले, आणि चक्कीवरचा माणूस, आयुष्यात कधी कापडावर पाय न ठेवता, वॉकरच राहिला.

हाताने हे काम टिकले ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर, तेही बायकांच्या हातात. दहा-बारा जणी फळीभोवती बसायच्या, ओले कापड आपटत, चोळत एकमेकींकडे सरकवायच्या आणि तालावर गेलिक भाषेतली गाणी म्हणायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची बहीणच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालले. संशोधकांनी ती गाणी ध्वनिमुद्रित केली म्हणून आज ऐकता येतात. आडनाव पुरुषांच्या नावावर जमा झाले, गाणी बायकांनी ठेवली.

आता गणती. इंग्लंड-वेल्समध्ये १८५३ सालच्या सरकारी अंदाजात दोन लाख त्रेपन्न हजारांवर स्मिथ होते, म्हणजे लोहार. वॉकरही पहिल्या वीस आडनावांत होता आणि आजही तिथल्या अत्यंत नेहमीच्या आडनावांत आहे. फुलर आणि टकर मात्र त्याच्या मानाने थोडे. काम एकच असताना असे का? एक कारण उघड आहे. यॉर्कशायर-लँकेशायरला लोकर आणि सुताच्या गिरण्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत माणसांनी भरून टाकले, आणि उत्तरेकडची आडनावेही त्यांच्याबरोबर फोफावली. हे सारे वॉकर एका पूर्वजाचे वंशज नव्हेत. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये आडनावे आणि पित्याकडून येणारे वाय गुणसूत्र ताडून पाहिले. दुर्मीळ आडनावांचे पुरुष पुष्कळदा एका रक्ताचे निघाले. स्मिथसारख्या आडनावाच्या पुरुषांत तसे नाते दिसलेच नाही. गावोगावी लोहार होते तसे गावोगावी वॉकर होते.

अटलांटिकपलीकडे या आडनावाची गोष्ट वेगळीच होते. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास वॉकर होते, आणि त्यांतले सुमारे एक-तृतीयांश कृष्णवर्णीय. यॉर्कशायरच्या डोणीशी यांचा काय संबंध? संबंध मालकाचा. गुलामांची आडनावे कागदावर येतच नसत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत कृष्णवर्णीय माणसे प्रथमच सरसकट नावानिशी नोंदली गेली. कुणी जुन्या मालकाचे आडनाव लावले, कुणी मुद्दाम दुसरे घेतले. कुणाकडे आधीपासून घरात चालत आलेले होते, फक्त विचारले कुणी नव्हते.

‘द कलर पर्पल’ या कादंबरीच्या लेखिका ॲलिस वॉकर जॉर्जिया राज्यातल्या ईटन्टनच्या. त्यांनी १९८३ च्या आपल्या लेखसंग्रहात घरातली एक हकिकत नोंदवली आहे. त्यांची एक पूर्वज स्त्री गुलाम म्हणून व्हर्जिनियाहून ईटन्टनपर्यंत पायी चालत आली, दोन कडेवर दोन तान्ही मुले घेऊन. ते चालणे विसरू नये म्हणून आपण लग्नानंतरही माहेरचे वॉकर हे आडनाव जाणीवपूर्वक ठेवले, असे त्या सांगतात.

कोशकार म्हणेल, बाई, तुमचा अर्थ चुकला. मी इतकी पाने चाळून कोशकाराच्याच बाजूचा झालो होतो. ती हकिकत वाचली आणि सरांनी शिकवलेला अर्थ मला पुन्हा लिहून घ्यावा लागला, समासात का होईना.

हे सगळे मी पुतण्याला सांगत होतो. तो इंजिनिअर आहे, पुण्याला असतो. त्याला गॅझेटमध्ये आडनाव बदलून मन्सूरी करायचे आहे. म्हणाला, “चाचा, पिंजारी म्हटले की लोक आधी हसतात, मग काम विचारतात.” मी म्हटले, “बाबा, मन्सूरी हे नाव आपले लोक मन्सूर हल्लाजवरून लावतात. ९२२ साली बगदादला सुळावर गेलेला सूफी. हल्लाज म्हणजे काय, ठाऊक आहे?” नव्हते. हल्लाज म्हणजे अरबीत पिंजारी.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, “अब्बाजींची धनुकली अजून आहे का?” आहे, म्हटले, माळ्यावर. तात मात्र केव्हाच तुटली.