आनंदीबाईंचे एक पत्र : आत्मप्रतिष्ठा आणि दांपत्य

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या यशाचे श्रेय गोपाळरावांच्या हट्टास देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने तर हे दांपत्य घरोघर पोहोचविले. पतीने पत्नीस घडविले हे मान्य केले, तरी घडविले जात असता त्या मुलीच्या आत्मप्रतिष्ठेचे काय झाले आणि ती प्रतिष्ठा वाढल्यावर दांपत्याचे काय झाले, हे प्रश्न उरतातच. प्रस्तुत टिपणात तेवढाच विचार करावयाचा आहे.

विवाहसमयी आनंदीबाई नऊ वर्षांच्या होत्या. गोपाळराव टपालखात्यात कारकून, बिजवर, वयाने बरेच वडील. अभ्यासात कुचराई झाली की मार बसे. पुढे अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या वागणुकीचा स्पष्ट हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या व पुस्तके फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे सर्व त्यात आले आहे. ही वागणूक चांगली की वाईट, यावर त्यांचे उत्तर दुहेरी आहे : अंतिम हेतू पाहता योग्य; बालमनावरील परिणाम पाहता अयोग्य. ही तक्रार नव्हे, आणि क्षमायाचना तर मुळीच नव्हे. हा न्यायनिवाडा आहे, व तो देणारी पत्नी प्रथमच पतीच्या बरोबरीच्या आसनावर बसलेली दिसते.

हे धैर्य पूर्वी नव्हते काय? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत निर्भय भाषण केले होते. परंतु सभेपुढील धीटपणा आणि घरातील स्वत्व या वस्तू भिन्न आहेत. दुसरी वस्तू लाभली ती समुद्रापलीकडे. रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी आनंदीबाईंस प्रथमच अटीवाचून माया मिळाली. त्यांना त्या मावशी म्हणत. मिशेल हॅरिस व उल्रिश ऑर्थ यांनी २०२० साली ५२ दीर्घकालीन पाहण्या एकत्र तपासून आत्मप्रतिष्ठा व सामाजिक संबंध परस्परांस घडवितात असे दाखविले. तथापि धाक आणि ऋण एकाच मनात कसे नांदतात, हे कळण्यास असे पत्रच हवे.

आनंदीबाईंच्या चरित्रकार काशीबाई कानिटकर (चरित्र, १८८९) यांनाही हा गुंता अनोळखी नसावा. पतीच्या अपेक्षेपायी त्या स्वत: विवाहानंतर वाचावयास शिकल्या होत्या.

गोपाळरावांची बाजू मात्र क्वचितच तपासली जाते. पदवीदानापूर्वी ते अमेरिकेस पोहोचले, आणि तेथील समाजावर व ख्रिस्ती धर्मावर जाहीर टीका करू लागले. ११ मार्च १८८६ रोजी पत्नी डॉक्टर झाली. कालपर्यंतचा गुरू आता एका पदवीधर स्त्रीचा पती एवढाच परिचय घेऊन परमुलखात वावरत होता. त्यांच्या त्या काळच्या कडवटपणात धर्माभिमान किती आणि दुखावलेला अहंकार किती, हे वेगळे काढणे कठीण. माझ्या मते दुसऱ्याचा वाटा मोठा. आनंदीबाईंनी मात्र संबंध तोडला नाही, की पत्रातील निवाडाही मागे घेतला नाही. समान भूमीवरील सहजीवनाची परीक्षा व्हावयाची ती स्वदेशी. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.